त्र्यंबकचं पाणी, सातपाटीचं पापलेट

नाशिकहून समुद्र किती लांब, असं विचारलं की बहुतेक जण मुंबईचं अंतर सांगतात. नकाशाचं म्हणणं वेगळं आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरी जिथे उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. तरी गोदामाई पूर्वेला वळते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत वैतरणाही उगम पावते. ती मात्र पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्याजवळ अरबी समुद्र गाठते. म्हणजे त्र्यंबकला एकाच सरीचं थोडं पाणी आंध्रात जातं आणि थोडं पालघरच्या खाडीत. त्या खाडीत कोलंबी वाढते, आणि ती कोलंबी किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या खानावळीत आपल्या ताटात येते. समुद्राशी नाशिकची सोयरीक अशी पाण्यानंच जुळलेली आहे. तेव्हा पुढच्या रविवारी गाडी कसाऱ्याकडे न नेता त्र्यंबककडे वळवा.

रस्ताच आधी भूक लावतो

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. राष्ट्रीय महामार्ग १६०-अ हाच. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि वाटेत घाटाची इतकी वळणं की सकाळची मिसळ जव्हार येईपर्यंत जिरलेली असते. जव्हार हे मुकणे घराण्याचं जुनं संस्थान. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या राजानं त्यांना मानाचा शिरपेच दिला, असं इथे सांगतात. माळावर उभं राहिलं की पश्चिमेकडे जमीन उतरत गेलेली दिसते. पोटाला तेवढी खूण पुरते.

हा सगळा वारली चित्रांचा मुलूख. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत मासे पकडायचं भलंमोठं जाळं आहे. डोंगरातल्या चित्रकारानं जाळं इतकं मनापासून का रंगवावं, याचं उत्तर इथल्या ओढ्यांत आहे. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट चढत भातखाचरांत शिरतात, तेव्हा अख्खी गावं टोपल्या आणि जाळी घेऊन वलगणीचे मासे धरायला बाहेर पडतात. समुद्र दिसायच्या कितीतरी आधी माशांचा मुलूख सुरू झालेला असतो.

पंचांग बघा, मग बोंबील मागा

माझ्या मते या सगळ्या सहलीतली सर्वांत मजेची गोष्ट ही. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ मोबाइलवर बघत नाहीत, तिथीवरून सांगतात. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग उशिरा येते, म्हणून हा आकडा जमतो. थोडं पुढंमागं होतं, पण गाडी कधी काढायची ते ठरवायला एवढं पुरतं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. बोर्डीला ओहोटीच्या वेळी पोहोचलात तर समुद्र इतका आत गेलेला असतो की पाण्यापर्यंत पोहोचायलाच चांगली पायपीट होते.

याचा बोंबलाशी संबंध काय? थेट आहे. उत्तर कोकणातला बोंबील मुख्यतः डोल जाळ्यात सापडतो. हे जाळं म्हणजे समुद्रात पक्कं बांधलेली लांबच लांब, मागे निमुळती होत जाणारी पिशवी. होडी जाळं ओढत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा आत ढकलतो. जितकी ओढ जोरात, तितकं जाळं भरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी सुस्त पडतं. म्हणून 'आज बोंबील कमी का हो मावशी?' या प्रश्नाचं उत्तर कधीकधी आकाशात असतं.

बोंबलाच्या अंगात मांस कमी आणि पाणी जास्त. ताजा बोंबील हातात धरला तर लिबलिबीत लागतो. तो तसाच तव्यावर टाकला तर लगदा होतो. म्हणून आधी चिरून उघडायचा, काटा काढायचा, मग पाट्याखाली किंवा जड फळीखाली दाबून पाणी काढायचं. त्यानंतर मसाला, मग तांदळाचं पीठ किंवा रवा, आणि मग तेल. कुरकुरीत बोंबलाचं अर्धं श्रेय तव्याला आणि अर्धं त्या दगडाला. ज्या खानावळीत मागच्या ओट्यावर बोंबील दाबून ठेवलेले दिसतात, तिथे निःशंक बसावं.

इंग्रजांनी त्याचं नाव 'बॉम्बे डक' ठेवलं, पण बदकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. १९९७ साली युरोपीय संघाच्या आरोग्य नियमांमुळे ब्रिटनमध्ये सुक्या बोंबलाची आयात बंद झाली, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी चक्क 'बोंबील वाचवा' मोहीम चालवली. शेवटी तोडगा निघाला: वाळवायचा उघड्यावरच, फक्त पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करायचं. बांबूच्या मांडवावर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेल्या बोंबलांसमोर युरोपचे नियमही वाकले!

राज्याचा मासा कोण?

राज्याच्या मानचिन्हांच्या यादीत आता मासाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्यासाठी जोर लावला होता पालघरजवळच्या सातपाटीच्या मच्छीमारांनी. सातपाटी म्हणजे पापलेटाचं माहेर. मान मिळाला तो कौतुकासाठी नव्हता, काळजीपोटी होता. मोठं पापलेट कमी होत चाललं आहे आणि तळहाताएवढी पिल्लंच जाळ्यात येताहेत, ही तिथल्या कोळ्यांची जुनी तक्रार. त्याच वर्षी महाराष्ट्रानं ५४ जातींच्या सागरी जलचरांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. आपल्या हातात एक गोष्ट आहे: ताटात मावणारी चार इवलीशी पापलेटं मागण्यापेक्षा एक जाणतं पापलेट चौघांत वाटून खावं. चवही त्यातच असते.

आता पापलेटाच्या अंगावरची गंमत. मोठ्या पापलेटाच्या पोटाखाली परांची जोडी शोधा, सापडणार नाही. तोंड एवढंसं असतं, आहारात जेलीफिश आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव. गळाला लागण्यातला हा मासा नव्हे, तो जाळ्यातच सापडतो. आणि खानावळीच्या फळ्यावर शेजारी लिहिलेला हलवा? त्याला काळं पापलेट म्हणतात खरे, पण तो पापलेटाच्या घराण्यातलाच नाही. उलट सुरमई आणि बांगडा, दिसायला एवढे वेगळे, पण घराणं एकच. ट्यूनाही त्यांच्यातलाच.

शेजारच्या गुजरातनंही २०२३ मध्येच आपला राज्यमासा ठरवला: घोळ. घोळीचा भाव तिच्या मांसापेक्षा तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, म्हणजे बोतीमुळे चढतो. ही वाळवलेली बोत पूर्व आशियात औषधी म्हणून विकली जाते. माशांच्या अशाच पिशव्यांपासून बनवलेला पदार्थ युरोपात बिअर आणि वाइन नितळ करायला वापरत आले आहेत. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस पालघरमधल्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच वेळी सुमारे १५७ घोळ मिळाल्या आणि लिलावात १ कोटी ३३ लाख रुपये आले, अशा बातम्या तेव्हा देशभर झळकल्या होत्या. सातपाटी आणि मुरबे एकाच खाडीच्या दोन काठांवर आहेत. त्या दिवशी दोन्ही काठांवर काय आनंद झाला असेल!

ताटातलं विज्ञान, पटापट

कोलंबी कच्ची असताना करडी-हिरवट असते, आणि तव्यावर पडताच गुलाबी-केशरी होते. रंग बाहेरून येत नाही. तो आधीपासून कवचातच असतो, फक्त एका प्रथिनानं धरून ठेवलेला. उष्णतेनं ते प्रथिन सुटतं आणि केशरी रंग मोकळा होतो. चिंबोरी लाल होते तीही याच कारणानं. कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा ही तिची आतडी आहे, तो काढलेला असावा. आणि तिचं हृदय डोक्याच्या कवचाखाली असतं.

माकुलाला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी शरीरासाठी. रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं.

चिंबोरी निवडताना पोटाकडून बघा. पोटावरची झडप अरुंद आणि टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. नांगीतलं मांस हवं असेल तर नर घ्यावा. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं किनाऱ्यावर कुणालाही विचारलं तरी ऐकायला मिळतं.

जिताडा! रायगडची शान. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. ताटात आलेला भलामोठा जिताडा बहुधा मादी असते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेततळ्यांत जिताडा पाळायची जुनी पद्धत आहे. गोड्या पाण्यात राहतो, खाऱ्यातही राहतो.

आणि हो, बांगड्याबद्दल एक सावधगिरी. बांगडा, सुरमई, ट्यूना या घराण्यातला मासा बर्फाविना उन्हात राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं. मग कितीही शिजवा, कितीही तळा, ते जात नाही. अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो. म्हणून बांगडा मागवण्याआधी बर्फाची पेटी दाखवायला सांगावं. चांगला खानावळवाला स्वतः झाकण उघडून दाखवतो.

कोथिंबीर खाली उतरते, मासा वर चढतो

घाटावरच्या माणसाला मासा म्हटलं की नारळाचा लालसर रस्सा आठवतो. तो साधारणपणे दक्षिणेचा, मालवणकडचा. पालघर-वसईकडच्या कोळी घरांत कालवण बऱ्याचदा हिरव्या वाटणाचं: कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, आणि आंबटपणाला चिंच. मुंबईच्या मंडईत जाणाऱ्या कोथिंबिरीतली केवढी तरी नाशिक जिल्ह्यातून जाते. उलट दिशेनं बर्फात ठेवलेली मासळी घाट चढून वर येते. ही देवाणघेवाण रोजची आहे.

दक्षिणेकडे उतरलात तर बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ भेटेल. जिभेला हलकी झिणझिणी आणणारं हे फळ चीनमधल्या प्रसिद्ध सिचुआन मिरीचं सख्खं भावंड आहे. फळ वापरायचं, काळी बी टाकून द्यायची. तिथे तिसऱ्यांचं एकशिपी मागवा: प्रत्येक तिसरीची एक शिंपली काढून मांस दुसऱ्या शिंपलीवर तसंच ठेवतात, आणि शिंपली हाच चमचा होतो. सोलकढीचं कोकम रत्नागिरी-सिंधुदुर्गचं असेल, तर त्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याच वर्षी डहाणू-घोलवडच्या चिकूलाही मिळालं. उत्तरेकडच्या जेवणानंतर चिकू खायचा, हे ठरलेलं. भात वाड्याच्या कोलमचा मिळाला तर भाग्य. त्याचं मानांकन २०२१ चं.

फळ्यावर काय लिहिलंय ते नंतर वाचा

डहाणू ते बोर्डी हा समुद्राला बिलगून जाणारा रस्ता आहे. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. उन्हाळ्यात वाटेत ताडगोळे. थोडं पुढे राज्याची हद्द ओलांडली की उंबरगाव, जिथे १९८७ सालची दूरदर्शनची रामायण मालिका चित्रित झाली. पंचवटीच्या माणसानं हे माहीत करून घ्यायलाच हवं.

अशा रस्त्यावर चार बांबू, वर झावळ्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चुलीवर तांदळाची भाकरी. इथे बसल्यावर पहिला प्रश्न एकच: 'आज काय आलंय?' पापलेट आहे का, सुरमई आहे का, असं विचारलं की होकार मिळतो, आणि मासा फ्रीजरमधून येतो. 'आज काय आलंय' म्हटलं की मालकीण क्षणभर थांबून खरं सांगते: मांदेली छान आहे, बोई आहे खाडीची, करंदी सकाळीच आली. मांदेली मागवा. बोटाएवढा सोनेरी मासा, कुरकुरीत तळलेला, काट्यासकट. किमतीत पापलेटाच्या आसपासही नाही, पण त्या दिवशी त्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं ताजं काही नसतं. मोठा मासा सांगण्याआधी तो बघावा, आकार ठरवावा आणि भाव तेव्हाच पक्का करावा. डोळे फुगीर, कल्ले लाल. बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये.

वारही लक्षात घ्या. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थीला अनेक घरांत मासा वर्ज्य. त्यामुळे बुधवार, शुक्रवार, रविवार गर्दीचे. गुरुवारी गेलात तर निवांत जागा मिळते, आणि मालकिणीला बोलायला वेळही असतो.

जून-जुलैचं गुपित

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा विणीचा काळ. या दिवसांत फळ्यावर सुरमई लिहिलेली दिसली तर ती बर्फातली, हे समजून घ्यावं. मग काय खावं? खाडीचा मासा, चिंबोरी, आणि सुकं. जवळ्याची चटणी, सुकटीचं कालवण, सोड्याची खिचडी. पावसात गरम भाकरीबरोबर जवळा ज्यानं खाल्लाय त्याला पापलेट नसल्याचं दुःख होत नाही.

बंदी उठते, आणि नेमका त्याच सुमाराला श्रावण येतो. घाटावर निम्मी घरं मासे सोडतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि हंगामाला खऱ्या अर्थानं सुरुवात होते. श्रावण न पाळणाऱ्यांसाठी हे दिवस सोन्याचे: मासा नवा, गिऱ्हाईक कमी.

खाडी म्हणजे पाळणाघर

२०२५ पासून विरारजवळचं मारंबळपाडा आणि सफाळ्याकडची जलसार बाजू यांच्यामध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. ती ज्या खाडीवरून जाते ती आपली वैतरणाच. काठावर तिवरांची दाट रांग दिसते. कोलंबीच्या कितीतरी जातींची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी झाल्यावर समुद्रात जातात. २०२० साली महाराष्ट्रानं पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष जाहीर केला. त्याची पांढरी फुलं रात्री उमलतात.

डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. तिथल्याच वाढवणच्या समुद्रात आता ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं महाबंदर उभं राहतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं त्याला विरोध केला आहे. मासे विणीला येतात ती जागा जाईल, जाळी टाकायला पाणी उरणार नाही, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. ज्या ताटाचं कौतुक करत आपण घाट उतरतो, त्या ताटामागचा माणूस काय म्हणतोय ते जेवताना दोन मिनिटं थांबून विचारावं. खानावळीतला माणूस मोकळेपणानं बोलतो.

परतीची पिशवी

ताजा मासा न्यायचाच असेल तर थर्माकोलची पेटी घ्या. खाली बर्फ, मध्ये मासा, वर पुन्हा बर्फ, आणि मासा आधीच साफ करून घेतलेला. मोखाड्याच्या घाटात अंधार पडायच्या आत पोहोचायचं असेल तर तीनच्या पुढे किनाऱ्यावर रेंगाळू नका.

त्याहून सोपं म्हणजे सुके सोडे. महाग असतात, कारण कोलंबी सोलून वाळवली की मूठभरच उरते. रंगानं फिकट केशरी आणि हाताला कोरडे लागणारे घ्या, ओलसर नकोत. दोन पिशव्यांत बांधून डिकीत ठेवा. घरी आल्यावर कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, दोनदा धुवा, कांदा परतून त्यात हळद-तिखट आणि सोडे घाला, मग नाशिकच्या बाजारातली कोवळी वांगी चिरून टाका. चिंच शेवटी, कोथिंबीर वरून भरपूर.